तीनशेपैकी दीडशे: परदेशी वैद्यकीय पदवीनंतरच्या परवाना परीक्षेचा अभ्यास कसा आखावा

रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान किंवा फिलिपिन्स अशा एखाद्या देशातून वैद्यकीय पदवी घेऊन मुलगा किंवा मुलगी कोकणातल्या आपल्या घरी परतते, तेव्हा वाडीतली माणसे पहिल्याच दिवसापासून त्यांना ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारू लागतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र एक मोठा टप्पा अजून उरलेला असतो. भारतात रुग्ण तपासण्यासाठी वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असावी लागते, आणि परदेशात शिकलेल्या बहुतेक पदवीधरांना त्या नोंदणीआधी एफएमजीई ही परवाना परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ‘सहा वर्षे शिकून आला, लाखो रुपये गेले, आता आणखी कसली परीक्षा?’ असे पालक मला विचारतात, तेव्हा त्यांच्या स्वरातली काळजी मला कळते, कारण मी स्वतः याच वाटेने आले आहे. पहिल्या प्रयत्नात मला १३१ गुण मिळाले होते आणि मी अनुत्तीर्ण झाले होते. मी आळस केला नव्हता. रोज दहा-दहा तास पुस्तकासमोर बसत होते. अभ्यास भरपूर होता, पण त्याला आखणी नव्हती. ती आखणी कशी करावी, हे आता सिंधुदुर्गात व्यवसाय करताना माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी समजावते, आणि तेच येथे सविस्तर मांडत आहे.

परीक्षा नेमके काय मागते

ही परीक्षा २००२ पासून घेतली जाते. नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्स इन मेडिकल सायन्सेस ही संस्था ती वर्षातून दोनदा संगणकावर घेते. अलीकडच्या सत्रांत ती साधारणपणे जून-जुलै आणि डिसेंबर-जानेवारी या सुमारास झाली आहे. एकूण ३०० बहुपर्यायी प्रश्न असतात. सकाळच्या भागात १५० प्रश्नांसाठी १५० मिनिटे आणि दुपारच्या भागात पुन्हा तितकेच प्रश्न व तितकाच वेळ मिळतो. माध्यम इंग्रजी असते. प्रत्येक प्रश्नाला एक गुण असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, आणि ३०० पैकी १५० गुण मिळाले की विद्यार्थी उत्तीर्ण होतो. प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा नाही. तरीही दर सत्रात बसणाऱ्यांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक विद्यार्थी अनुत्तीर्ण होतात, ही वस्तुस्थिती पालकांनी आधीच समजून घेतलेली बरी, म्हणजे एका अपयशाने घरात सुतक आल्यासारखे होत नाही.

या नियमांतून अभ्यासाचे दोन मोठे निष्कर्ष निघतात आणि बहुतेक विद्यार्थी ते दोन्ही नजरेआड करतात.

पहिला निष्कर्ष असा की ही स्पर्धा परीक्षा नाही. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या नीट-पीजीमध्ये दुसऱ्यापेक्षा पुढे जावे लागते. येथे फक्त एक ठरलेली रेषा ओलांडायची असते. रेषा ओलांडायची असेल तर एखाद्या विषयात पारंगत होण्यापेक्षा एकही विषय पूर्ण कोरा न ठेवणे अधिक मोलाचे ठरते. हृदयविकारावर शंभर पाने वाचलेला पण नेत्ररोगाचे पुस्तक न उघडलेला विद्यार्थी येथे मागे पडतो, आणि सगळ्या विषयांतले मधले, नेहमी विचारले जाणारे निम्मे ज्ञान ज्याच्याकडे पक्के आहे तो पुढे जातो.

दुसरा निष्कर्ष साध्या अंकगणिताचा आहे. समजा एखाद्या विद्यार्थ्याला ३०० पैकी केवळ १०० प्रश्नांची उत्तरे खरोखर ठाऊक आहेत आणि उरलेल्या २०० प्रश्नांत त्याने डोळे मिटून कोणताही पर्याय निवडला. चार पर्यायांतून एक बरोबर येण्याची शक्यता पाव असल्यामुळे त्या २०० मधून सरासरीने ५० गुण मिळतील आणि बेरीज नेमकी १५० होईल. आता दुसरा विद्यार्थी घ्या, ज्याला ११० प्रश्न पक्के येतात, आणखी १०० प्रश्नांत चारपैकी दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत एवढे कळते, आणि उरलेले ९० पूर्ण अनोळखी आहेत. त्याची सरासरी बेरीज ११० अधिक ५० अधिक २२, अशी १८२ पर्यंत जाते. या हिशेबातून नशिबावर विसंबावे असे मुळीच सुचवायचे नाही, कारण ‘पक्के येते’ असे आपल्याला वाटणाऱ्या दर दहा उत्तरांतले एखादे चुकतेच, आणि नशिबाचा काटा खालीही झुकतो. मुद्दा एवढाच आहे की अर्धवट ज्ञानालाही येथे किंमत आहे. चुकीचे पर्याय ओळखण्याइतपत ज्ञान सर्व विषयांत पसरलेले असणे हे या परीक्षेतले खरे भांडवल आहे, आणि अभ्यासाची सगळी रचना त्याभोवती उभी करावी लागते.

तीनशे गुण कुठे आहेत

परीक्षा मंडळ आपल्या माहितीपुस्तिकेत विषयवार गुणांची विभागणी देते. ती वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावी, असा माझा आग्रह असतो. पूर्व-चिकित्सा आणि उप-चिकित्सा विषयांना मिळून १०० गुण आहेत: अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री यांना प्रत्येकी १७; पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी आणि फार्माकोलॉजी यांना प्रत्येकी १३; आणि न्यायवैद्यकशास्त्राला १०. उरलेले २०० गुण रुग्णचिकित्सेच्या विषयांचे आहेत: मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र ३०, सामाजिक वैद्यकशास्त्र ३०, बालरोग, नेत्ररोग आणि कान-नाक-घसा प्रत्येकी १५, आणि मानसोपचार, त्वचारोग, रेडिओथेरपी, भूलशास्त्र, अस्थिरोग व रेडिओलॉजी प्रत्येकी ५.

माझी स्वतःची चूक या आकड्यांवरून स्पष्ट होते. मी पहिल्या वर्षाच्या क्रमाने सुरुवात केली होती, कारण महाविद्यालयात तोच क्रम होता. अ‍ॅनाटॉमीवर माझे सात आठवडे गेले. सतरा गुणांसाठी सात आठवडे दिल्यावर सामाजिक वैद्यकशास्त्राच्या तीस गुणांना शेवटचे पाच दिवस उरले, आणि कान-नाक-घसा तर परीक्षेच्या आदल्या रात्री चाळला.

आता मी मुलांना सांगते की सुरुवात सामाजिक वैद्यकशास्त्र, नेत्ररोग, कान-नाक-घसा आणि न्यायवैद्यकशास्त्र या चार विषयांनी करावी. चौघांचे मिळून ७० गुण होतात, विषय तुलनेने आटोपशीर आहेत, आणि ते एकदा पूर्ण झाले की विद्यार्थ्याच्या मनावरचे ओझे कमी होते. पुष्कळ मार्गदर्शक पॅथॉलॉजी आणि फार्माकोलॉजीपासून आरंभ करायला सांगतात, कारण पुढच्या सर्व चिकित्सेचा पाया त्यांत आहे. त्यांचे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीने योग्य आहे, पण वर्ष-दोन वर्षे पुस्तकापासून दूर राहिलेल्या, आत्मविश्वास गमावलेल्या मुलासाठी आरंभी काहीतरी पूर्ण झाल्याची जाणीव अधिक गरजेची असते, असा माझा अनुभव आहे.

सामाजिक वैद्यकशास्त्राबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण परदेशातून आलेल्या मुलांची सर्वांत मोठी उणीव येथे असते. भारतातील लसीकरणाचे वेळापत्रक, क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम किंवा आरोग्ययंत्रणेची रचना परदेशी विद्यापीठात कोणी शिकवत नाही. परंतु हा विषय कोकणातल्या मुलाच्या दारातच उभा असतो. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, उपकेंद्रासाठी हेच प्रमाण ५,००० आणि ३,००० असे आहे, साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा स्वयंसेविका असते, हे आकडे पुस्तकात पाठ करायला कंटाळवाणे वाटतात. आपल्या गावच्या आशाताईंबरोबर एक सकाळ फिरून आले, त्यांची नोंदवही पाहिली, उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस बघितला, की तेच आकडे माणसांशी जोडले जातात. जन्मतः बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस-बी. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली मात्रा: हे सगळे शेजारच्या बाळाच्या माता व बाल संरक्षण कार्डावर लिहिलेले असते. ते कार्ड हातात घेऊन एकदा समजावून घेतलेला विद्यार्थी या प्रश्नांत सहसा चुकत नाही.

वाचणे आणि आठवणे

अभ्यास म्हणजे वाचन, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल आहे की पुस्तक मिटून बसलेल्या मुलाला आई ‘वाचत का नाहीस’ असे विचारते. परंतु स्मरणाबद्दलचे संशोधन वेगळे सांगते. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार वेळा अभ्यासायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकदाच अभ्यासला आणि नंतर तीन वेळा, मजकूर न पाहता, आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वारंवार वाचणारा गट पुढे होता. त्याला ८३ टक्के मजकूर आठवला आणि दुसऱ्या गटाला ७१ टक्के. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा चित्र उलटले होते. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

या प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट पाच मिनिटांनंतरच्या आकड्यांत आहे. पुन्हा-पुन्हा वाचल्यावर ‘आता येते’ अशी जी भावना होते, ती त्या क्षणापुरती खरीच असते, आणि म्हणूनच ती फसवते. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. ती पाच महिन्यांनी असते. त्यामुळे प्रत्येक प्रकरण वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहावे, आणि जे सुटले ते वेगळ्या शाईने भरावे. दुसऱ्या दिवशी तोच कागद न पाहता पुन्हा लिहून पाहावा, मग आठवड्याने आणि मग महिन्याने. प्रत्येक वेळी मध्ये थोडे विसरायला होते आणि प्रयत्नाने आठवावे लागते. तो प्रयत्नच स्मृती घट्ट करतो. हे कष्टाचे वाटते, वाचनाइतके सुखकर नसते, आणि सुरुवातीला मुले निराश होतात. त्यांनी पंधरा दिवस तरी धीर धरावा.

बहुपर्यायी प्रश्न सोडवणे हाही आठवण्याचाच एक प्रकार आहे. म्हणून क्यूबँक, म्हणजे सराव प्रश्नांचा संच, शेवटच्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवणे चूक आहे. ज्या दिवशी काचबिंदू वाचला त्याच दिवशी काचबिंदूवरचे वीस प्रश्न सोडवावेत, आणि प्रत्येक प्रश्नात बरोबर पर्याय का बरोबर याच्याइतकाच उरलेले तीन का चूक याचाही विचार करावा. या पद्धतीने एका प्रश्नातून चार गोष्टी शिकून होतात.

बाजारात ‘मागील वर्षांचे प्रश्न’ म्हणून जे मिळते त्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. परीक्षा मंडळ प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करत नाही. मिळणारे प्रश्न विद्यार्थ्यांनी नंतर आठवून सांगितलेले असतात. त्यामुळे कोणत्या विषयाच्या कोणत्या भागावर भर असतो हे समजण्यासाठी ते उपयोगी आहेत, पण त्यांतले पर्याय आणि उत्तरे जशीच्या तशी पाठ करणे धोक्याचे आहे.

सव्वीस आठवडे

सहा महिने म्हणजे सव्वीस आठवडे. त्यांतले पहिले चौदा आठवडे सर्व विषयांच्या पहिल्या फेरीला, पुढचे सात दुसऱ्या फेरीला, नंतरचे चार तिसऱ्या फेरीला व पूर्ण लांबीच्या चाचण्यांना, आणि शेवटचा एक आठवडा केवळ स्वतःच्या टिपणांना, अशी विभागणी मी सुचवते. पहिल्या फेरीत मेडिसिन आणि सर्जरीला प्रत्येकी दोन आठवडे, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राला दीड आठवडा, पाच-पाच गुणांच्या सहा विषयांना मिळून एक आठवडा, असे साधारण प्रमाण राहते. रोज ५० प्रश्न आणि आठवड्यातून सहा दिवस धरले, तर पंचवीस आठवड्यांत ७,५०० प्रश्न होतात. आकडा मोठा दिसतो, पण रोजचे पन्नास प्रश्न आणि त्यांची छाननी अडीच-तीन तासांत होते. रविवार मोकळा ठेवावा. आठवड्यात जे मागे राहिले ते त्या दिवशी भरून काढावे, आणि काहीच राहिले नसेल तर खरोखर विश्रांती घ्यावी.

कागदावरची ही आखणी कोकणातल्या घरात टिकायची असेल, तर तिच्यात कोकणाचे वर्ष बसवावे लागते. जून-जुलैच्या परीक्षेसाठी जानेवारीत बसलेल्या मुलाच्या वाटेत मार्चमधला शिमगा येतो, पालखी घरी येते; एप्रिल-मेमध्ये आंब्याचा हंगाम असतो आणि बागायतदाराच्या घरात पेट्या भरायला प्रत्येक हात लागतो. डिसेंबर-जानेवारीच्या परीक्षेसाठी जुलैत बसलेल्याच्या समोर भाताची लावणी, मग गणपती आणि मुंबईहून आलेले चाकरमानी, मग भातकापणी आणि दिवाळी असते. या दिवसांत ‘मी रोज दहा तास बसेन’ असे लिहून ठेवणारे वेळापत्रक पहिल्याच सणाला मोडते, आणि मोडलेले वेळापत्रक पुन्हा उघडायला मन धजावत नाही. त्यापेक्षा गणपतीचे पाच-सात दिवस आखणीतूनच वगळावेत आणि त्या काळात फक्त रोजचे वीस-पंचवीस प्रश्न सुटू देऊ नयेत. घरच्यांशीही आरंभीच स्पष्ट बोलून घ्यावे की लावणीच्या आठवड्यात मी सकाळी शेतावर येईन, पण दुपारी तीननंतर मला कोणी बोलवू नये. कामाला नकार देणारा मुलगा आणि कामाची वेळ ठरवून घेणारा मुलगा, यांत घरातली माणसे बरोबर फरक करतात.

दुसरी अडचण विजेची आणि इंटरनेटची. मेअखेरच्या वादळी सरींपासून वीज कधी जाईल याचा नेम नसतो. सगळा अभ्यास ऑनलाइन व्हिडिओवर उभा असेल तर पावसाळ्यात तो थांबतो. व्याख्याने आधीच उतरवून ठेवावीत, मुख्य टिपणे कागदावर असावीत, आणि वीज गेली की काय करायचे हे ठरलेले असावे. माझ्याकडे येणारी एक मुलगी पडवीत बसून अशा वेळी फक्त आठवून लिहिण्याचा सराव करत असे, आणि त्या पावसाळ्यात वीज इतक्या वेळा गेली की तिची बायोकेमिस्ट्री सर्वांत पक्की झाली.

एक गोष्ट येथेच सांगते. अनेक पालक मुलाला सहा महिन्यांसाठी दिल्लीला किंवा पुण्याला शिकवणीला पाठवावे की घरी ठेवावे या विवंचनेत असतात. ज्याला शिस्त बाहेरून लागते त्याला शिकवणीचा उपयोग होतो. पण शिकवणीत दिवसाचे सात-आठ तास दुसऱ्याचे ऐकण्यात जातात आणि स्वतः आठवायला, प्रश्न सोडवायला वेळ उरत नाही, हेही मी पुष्कळ पाहिले आहे. खर्चाचा विचार करता, घरी बसून आणखी दोघा-तिघांबरोबर फोनवर रोज अर्धा तास एकमेकांना प्रश्न विचारण्याची सवय लावणे मला अधिक पटते.

ओळखीचे आजार, परीक्षेतले प्रश्न

अनोळखी माहिती लक्षात ठेवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ती ओळखीच्या माहितीला बांधणे. कोकणातल्या मुलाजवळ अशी ओळखीची माहिती पुष्कळ असते, पण ती ‘वैद्यकीय’ आहे हे त्याच्या लक्षात आलेले नसते.

लेप्टोस्पायरोसिस घ्या. भातशेतीच्या चिखलात अनवाणी काम करणाऱ्याला ताप येतो, पोटऱ्या भयंकर दुखतात, डोळे लाल होतात, हे येथे प्रत्येकाने ऐकलेले आहे. आता त्या एका रुग्णाभोवती चार विषय गुंफून पाहावेत. जिवाणूचा आकार मळसूत्री असतो आणि निदानाची प्रमाण चाचणी ‘मॅट’ आहे, ही मायक्रोबायोलॉजी झाली. उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून तो चिखलात येतो आणि पायांवरच्या जखमांतून शरीरात शिरतो, हे सामाजिक वैद्यकशास्त्र झाले. कावीळ आणि मूत्रपिंड निकामी होणे हे या आजाराचे ‘वाइल्स डिसीज’ नावाचे तीव्र रूप मेडिसिनमध्ये येते. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन आणि तीव्र आजारात शिरेतून पेनिसिलिन, हे फार्माकोलॉजीचे उत्तर आहे. जोखमीच्या काळात आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन हा प्रतिबंध पुन्हा सामाजिक वैद्यकशास्त्रात विचारला जातो. चार पुस्तकांत विखुरलेली माहिती शेतातल्या एका माणसापाशी एकत्र आली की ती सहसा निसटत नाही.

सर्पदंशाचेही तसेच आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आपल्याकडील बहुगुणी प्रतिविष काम करते. कातळावरचे फुरसे रत्नागिरी-सिंधुदुर्गात कोणाला ठाऊक नाही? त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, म्हणून रुग्णाचे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवून ते गोठते का हे पाहतात. मण्यार रात्री अंथरुणात चावते, दंशाच्या जागी फारसे काही दिसत नाही, पण पापण्या जड होऊ लागतात. आजीने सांगितलेल्या गोष्टींत हा फरक आधीच आलेला असतो. परीक्षेत तोच फरक ‘रक्तविषारी’ आणि ‘मज्जाविषारी’ अशा शब्दांत विचारला जातो.

लाल विंचवाचा दंश हा तर कोकणानेच जगाच्या वैद्यकशास्त्राला शिकवलेला धडा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात काम करताना विंचूदंशाच्या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले आणि प्राझोसिन या औषधाने मृत्यू टाळता येतात हे दाखवून दिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. विंचवाच्या विषाने शरीरात कॅटेकोलामाइन्सचा, म्हणजे अ‍ॅड्रेनालिनसारख्या संप्रेरकांचा, पूर येतो, रुग्णाला दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात आणि फुप्फुसांत पाणी साचते. प्राझोसिन अल्फा-१ ग्राहके रोखते म्हणून ते येथे उपयोगी पडते. हा एक दंश समजला की फिजिऑलॉजीतली स्वायत्त चेतासंस्था आणि फार्माकोलॉजीतले अल्फा-रोधक असे दोन अवघड धडे एकदम उलगडतात. दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये पसरलेला माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, हाही असाच: फ्लेविव्हायरस, गोचिडीमार्फत प्रसार, जंगलात आधी माकडे मेलेली आढळणे, आणि १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात पहिली ओळख.

अर्थात परीक्षा संपूर्ण देशाची आहे आणि तिच्यात कोकणातले आजार चार-दोनच प्रश्नांपुरते येतील. पण एका ओळखीच्या रुग्णाभोवती अनेक विषय गुंफण्याची सवय या आजारांवर लागली, की तीच सवय थॅलेसेमियावर किंवा गर्भावस्थेतील उच्च रक्तदाबावरही चालते.

चाचण्या आणि चुकांची वही

पूर्ण लांबीची चाचणी, जिला मुले ‘जीटी’ म्हणतात, दुसऱ्या फेरीपासून दर पंधरा दिवसांनी आणि तिसऱ्या फेरीच्या चार आठवड्यांत दर आठवड्याला द्यावी. ती खऱ्या परीक्षेच्याच वेळी, सकाळी १५० आणि दुपारी १५० प्रश्न अशी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून द्यावी. एका प्रश्नाला एक मिनिट ही गती सवयीनेच अंगी येते. मंडळाने २०२४ पासून प्रश्नपत्रिकेत ठरावीक वेळेचे विभाग आणले आहेत, आणि विभागाची वेळ संपली की मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही. त्यामुळे ‘हा प्रश्न शेवटी पाहू’ ही जुनी सवय येथे महागात पडते. सराव चाचणीतही तसेच विभाग पाडून घ्यावेत. प्रश्नांत एक्स-रे, ईसीजी आणि रोगलक्षणांची छायाचित्रे असतात, म्हणून चित्रे पाहण्याचा सराव वेगळा करावा.

चाचणीत मिळालेल्या गुणांपेक्षा नंतरची छाननी महत्त्वाची असते आणि तिला चाचणीइतकाच वेळ द्यावा लागतो. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत लिहिताना चूक कोणत्या जातीची होती हे नोंदवावे. माहितीच नव्हती, माहिती होती पण आठवली नाही, प्रश्नातला ‘नाही’ हा शब्द वाचायचा राहिला, की बरोबर उत्तर निवडून ऐन वेळी बदलले? पहिल्या प्रकाराला वाचन हवे, दुसऱ्याला उजळणी, तिसऱ्याला सावकाश वाचण्याची सवय आणि चौथ्याला स्वतःवर थोडा विश्वास. सगळ्यांवर ‘अजून वाचायला हवे’ हा एकच उपाय करत राहिले, तर गुण जागचे हलत नाहीत. दुसऱ्या प्रयत्नाच्या तयारीत मी ही वही ठेवली, तेव्हा माझ्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या चुका प्रश्न नीट न वाचल्यामुळे होतात हे मला प्रथमच कळले.

अर्ज, प्रवास आणि परीक्षेचा दिवस

कागदपत्रांचे काम अभ्यासाच्या पहिल्या महिन्यातच उरकावे. पदवी प्रमाणपत्र त्या देशातील भारतीय दूतावासाकडून साक्षांकित किंवा तेथील सरकारचा प्रमाणीकरणाचा शिक्का घेऊन अ‍ॅपोस्टिल केलेले लागते, आणि एखादा शिक्का राहिला असेल तर तो परदेशातून मिळवायला आठवडे जातात. ज्यांनी १८ नोव्हेंबर २०२१ नंतर परदेशात प्रवेश घेतला आहे, त्यांनी आपला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा होता आणि तेथे १२ महिन्यांची इंटर्नशिप झाली, याची कागदपत्रे तयार ठेवावीत. सर्व मूळ कागद पाणी न लागेल अशा पिशवीत, उंचावर ठेवावेत आणि त्यांच्या स्कॅन प्रती दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडेही असाव्यात. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात ‘नेक्स्ट’ नावाच्या नव्या परीक्षेची तरतूद आहे आणि तिच्याविषयी वेळोवेळी बातम्या येतात, तेव्हा प्रत्येक सत्राची अधिकृत माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, दुसऱ्याच्या निरोपावर विसंबू नये.

परीक्षा जून-जुलैत असेल तर प्रवासाचा विचार अभ्यासाइतकाच गंभीरपणे करावा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते आणि गाड्यांचा वेग कमी केला जातो. आंबा, कुंभार्ली किंवा करूळ घाटात दरड कोसळली की कोल्हापूर-पुण्याकडचा रस्ता तासन्‌तास बंद राहतो. केंद्र मुंबईत असो की घाटावर, परीक्षेच्या दोन दिवस आधी तेथे पोहोचावे. शेवटच्या आठवड्यात नवीन काहीही वाचू नये; फक्त आठवून लिहिलेले कागद आणि चुकांची वही.

परीक्षागृहात मधल्या सुट्टीत सकाळच्या प्रश्नांची चर्चा करणाऱ्या घोळक्यापासून दूर राहावे, कारण दुपारचे १५० प्रश्न अजून बाकी असतात. आणि प्रत्येक विभागाच्या शेवटच्या दोन मिनिटांत एकही प्रश्न उत्तराविना राहिलेला नाही, हे तपासावे. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी २३ प्रश्न मोकळे सोडले होते. गुण कापले जात नाहीत हे मला माहीत होते, तरी चुकीचे उत्तर देण्याची लाज वाटून माझा हात थांबला होता.

उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तात्पुरती नोंदणी करून १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते आणि त्यानंतर कायम नोंदणी मिळते. गुण १५० पेक्षा कमी आले, तर निकालाच्या दिवशी काहीही ठरवू नये. आठवडाभराने चुकांची वही, चाचण्यांचे गुण आणि प्रत्यक्षात पाळले गेलेले वेळापत्रक अशा तीन गोष्टी एकत्र मांडून पुढचे सव्वीस आठवडे नव्याने आखावेत, आणि त्या आखणीत मागच्या वेळी शेवटी राहिलेला विषय सर्वांत पहिला घ्यावा.